शिगेचे माप आणि उजेडाचे माप

पूर्वी बाजारात मापाडी धान्य मोजायला बसला की पहिल्या पायलीला तो 'एक' म्हणत नसे, 'लाभ' म्हणे. मग पुढे दोन, तीन, चार. पहिल्या मापाला शुभ नाव द्यायचे, ही रीत मोठी गोड. पण घेणारा काही त्या गोडीवर विसंबत नसे. त्याचा डोळा मापाच्या काठावर असे. शीग पुरी चढली की नाही, मापाचा बूड आतून ठोकून उचललेला तर नाही, हात फिरवताना दाणे मुठीत राहिले की काय, हे तो पाहत राही. विकणाऱ्याने सांगितलेला आकडा आणि पदरात पडलेला माल यांत अंतर असू शकते, हे त्याला कुणी शाळेत शिकवलेले नव्हते.

आज मला बोलायचे आहे ते लेझरच्या दिव्याविषयी. बोटाएवढी नळी, कळ दाबली की समोरच्या भिंतीवर लाल किंवा हिरवा ठिपका उमटतो. शाळेत गुरुजी नकाशावरचे गाव दाखवायला तो वापरतात, जत्रेत पोरे हट्ट धरून घेतात, आणि रानातली पाखरे-माकडे हाकलायला म्हणूनही तो विकला जातो. त्याच्या डबीवर एक आकडा छापलेला असतो, इतके इतके मिलिवॅट. हा आकडा खरा कशावरून? पायलीच्या काठावर नजर ठेवणारा आपला माणूस इथे नजर ठेवणार तरी कशावर? याचे उत्तर शोधायचे तर थोडे मागे जावे लागते.

बीड जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. चार शेरांची पायली हे बहुतेक ठिकाणी खरे. पण शेर केवढा, ते ज्या त्या बाजारावर अवलंबून. मण कुठे बारा पायल्यांचा, तर कुठे सोळांचा. रुपयाचीही तीच कथा. निजामाचा हाली रुपया वेगळा, इंग्रजांचा कलदार वेगळा. सात हालींना सहा कलदार असा साधारण हिशेब. आष्टी-कड्याकडचा शेतकरी नगरच्या पेठेत गेला म्हणजे राज्य बदले आणि नाणेही बदले. कानांवर भाव एक पडे आणि घरी येऊन हिशेब मांडला की निघे दुसराच. यात दर वेळी कुणी लबाडी करी असे नव्हे. आकडा आहे, पण त्या आकड्यामागे सर्वांना मान्य असे माप नाही, एवढ्यानेच गरीब माणूस नागवला जात असे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात संसदेने वजनमापांचा नवा कायदा केला. पाठोपाठ १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. ऑक्टोबर १९५८ पासून निवडक भागांत किलोची वजने येऊ लागली आणि १ एप्रिल १९६२ पासून देशभर तीच सक्तीची झाली. ऐंशी तोळ्यांचा सरकारी शेर म्हणजे ९३३ ग्रॅम. तेव्हा किलो शेराहून थोरला. जुन्या माणसांना हे पटवणे सोपे नव्हते. शेराच्या भावाने किलो मिळाला तर आपला फायदा आणि किलोच्या भावाने शेर गळ्यात पडला तर तोटा, एवढे मात्र बायकांनी भराभर ओळखले.

पण नव्या व्यवस्थेतली खरी करामत दशमानात नव्हती, असे मला वाटते. ती होती वजनाच्या बुडाशी. बिडाचे वजन उलटे करून पाहा. तिथे एक भोक असते, त्यात शिसे भरलेले असते आणि त्या शिशावर निरीक्षकाचा शिक्का उमटवलेला असतो. वजन घासून हलके करायचे किंवा शिसे उकरायचे म्हटले तर शिक्का मोडतो. हा शिक्का मारणाऱ्या निरीक्षकाजवळचे वजन त्याहून काटेकोर वजनाशी ताडलेले असते, ते त्याहून वरच्याशी, आणि असे करत करत ही साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत जाऊन पोचते. ही प्रयोगशाळा १९५० च्या जानेवारीत सुरू झाली. तिथे प्लॅटिनम आणि इरिडियमच्या मिश्रधातूचा एक छोटा दंडगोल जपून ठेवलेला आहे, क्रमांक ५७. फ्रान्समधल्या मूळ किलोग्रॅमची ती आपल्या देशाची प्रत. (२० मे २०१९ पासून किलोची व्याख्या धातूच्या तुकड्यावर न ठेवता निसर्गातल्या एका स्थिर संख्येवर बांधली गेली, पण साखळी तीच.) केजच्या किंवा गेवराईच्या दुकानातल्या किलोचा संबंध असा थेट जगाच्या किलोशी जोडला गेला. दुकानदार सांगतो आणि गिऱ्हाईक ऐकते, या दोघांच्या मध्ये तिसरा साक्षीदार उभा राहिला.

हा साक्षीदार किती महत्त्वाचा, हे बीड जिल्ह्याला सांगायला नको. दर हंगामाला इथून लाखो माणसे कोयते घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात. मजुरी टनावर. आणि टन ठरतो कारखान्याच्या वजनकाट्यावर. पहाटेच्या थंडीत तोडलेला, मोळ्या बांधून वाहिलेला ऊस किती भरला, ते काट्याचा आकडा सांगणार, आणि त्या आकड्यावर उचल फिटणार की अंगावर राहणार ते ठरणार. 'काटामारी' हा शब्द आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो, तो काही उगाच नव्हे. म्हणूनच हंगामात भरारी पथके जाऊन काटे तपासतात, आणि ऊसवाला भरलेली गाडी दुसऱ्या काट्यावर तोलून पाहण्याचा हक्क मागतो.

आता उजेडाकडे येऊ. उजेड पायलीत भरता येत नाही आणि काट्यावर चढवता येत नाही. तरी तो विकला जातो, आणि विकला जातो म्हणजे मोजावा लागतोच.

लंडनमध्ये घरोघर दिव्याचा गॅस पुरवणाऱ्या कंपन्या निघाल्या तेव्हा 'आमच्या गॅसचा उजेड इतक्या मेणबत्त्यांइतका' अशी त्यांची भाषा असे. पण मेणबत्ती कसली? जाड की बारीक? अखेर १८६० साली तिथल्या पार्लमेंटने कायदा करून मेणबत्तीच ठरवून टाकली. देवमाशाच्या डोक्यात सापडणाऱ्या मेणाची, एका पौंडात सहा बसतील अशी, आणि तासाला १२० ग्रेन जळणारी. पायलीचा शेर ठरवला तसाच हा उजेडाचा शेर ठरवला म्हणायचा.

दोन उजेड एकमेकांशी ताडायचे कसे, त्याची युक्ती त्याआधीच रॉबर्ट बन्सेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने काढली होती. ती इतकी सोपी आहे की कोणत्याही खेड्यातल्या शाळेत करून दाखवता येईल. पांढऱ्या कागदावर गोड्या तेलाचा एक थेंब टाका. डाग पडला की कागद उभा धरा, एका बाजूला पणती आणि दुसऱ्या बाजूला कंदील ठेवा. ज्या बाजूला उजेड कमी तिकडून डाग उजळ दिसतो, आणि जास्त उजेडाच्या बाजूने काळपट. कंदील मागेपुढे सरकवत न्या. एका जागी डाग जवळजवळ नाहीसा होतो. तिथे दोन्हीकडचा उजेड सारखा झाला. आता पणती एका हातावर आणि कंदील तीन हातांवर असेल, तर कंदिलाचा उजेड पणतीच्या तिप्पट नव्हे, तीन त्रिक नऊपट. कारण अंतर वाढते तसा उजेड लांबीतही पसरतो आणि रुंदीतही.

आपल्याकडे कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीच्या कारखान्याचा प्रभाकर कंदील घरोघर होता, आणि लग्नात, कीर्तनात, तमाशाच्या फडात पेट्रोमॅक्सची बत्ती. त्या बत्तीवर 'तीनशे कँडलपॉवर' असे लिहिलेले असे. तो आकडा तपासायची कुणाला गरज वाटत नसे, कारण बत्ती डोळ्यांसमोर जळे आणि अंगण उजळले की नाही ते दिसे. उजेड कमी पडला तर फार तर तमाशा अंधुक दिसे.

पुढे वीज आली आणि मेणबत्तीची जागा वॅटने घेतली. वॅट हे ज्याचे नाव, तो जेम्स वॅट स्वतः विकणारा होता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याला वाफेची यंत्रे विकायची होती आणि गिऱ्हाईक होते घोडे जुंपून गिरण्या चालवणारे. त्यांना समजेल अशी भाषा हवी म्हणून त्याने 'अश्वशक्ती' काढली, आणि मिनिटाला ३३,००० फूट-पौंड असा तिचा आकडा बांधला. साध्या घोड्याला दिवसभर झेपणार नाही इतका तो चढा होता; यंत्र घेणाऱ्याने मागाहून कमी भरले म्हणून तक्रार करू नये, हा धोरणी व्यापाऱ्याचा हिशेब. आजच्या मापात एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. वॅटचा हजारावा हिस्सा म्हणजे मिलिवॅट. पाच मिलिवॅटचा लेझर म्हणजे विहिरीवरच्या पाच हॉर्सपॉवरच्या मोटारीचा सुमारे साडेसात लाखावा भाग. माणूस म्हणेल, मुंगीएवढ्या जोराला काय भ्यायचे?

भ्यायचे ते यासाठी. कंदिलाचा उजेड चहूकडे पसरतो, त्यातला कणभर डोळ्यात जातो. लेझरचा किरण पसरत नाही. सगळाच्या सगळा बाहुलीतून आत शिरतो, आणि डोळ्याचे भिंग त्याला आतल्या पडद्यावर सुईच्या टोकाहून बारीक ठिकाणी आणून सोडते. तिथे त्याची तीव्रता सुमारे लाखपट होते. भिंगाने कापूस पेटवतात, तसाच प्रकार. आणि त्या पडद्याला वेदना कळत नाही. भाजले तरी माणूस ओरडत नाही. नजरेत मधोमध काळा ठिपका राहिला की मग कळते.

पहिला लेझर १६ मे १९६० रोजी अमेरिकेत थिओडोर मेमन याने माणकाच्या कांडीतून काढला. सुरुवातीला त्याचा जोर मोजायला हाताशी सोयीचे साधन नव्हते. तेव्हा शास्त्रज्ञ गमतीने म्हणत, किरण दाढीची किती पाती भेदून जातो ते मोजा. आणि त्या मापाला त्यांनी पात्याच्या ब्रँडवरून 'जिलेट' असे नाव दिले होते. एवढे मोठे शास्त्रज्ञ, आणि त्यांनाही आरंभी पायलीच शोधावी लागली.

खरे माप मात्र आधीच तयार होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात स्वीडनच्या क्नुट ऑंगस्ट्रॉमने सूर्याच्या उन्हासाठी ते वापरले होते. काळी केलेली पट्टी एकदा उन्हाने तापवायची आणि दुसरी तशीच पट्टी विजेने. दोन्ही सारख्याच तापल्या की विजेचा जो आकडा, तोच उन्हाचा. तराजूच्या एका पारड्यात उजेड आणि दुसऱ्यात वीज. आजही लेझरचे शक्तिमापक याच मुळावरून ताडले जातात. त्यांतल्या एका प्रकारात काळा लेप दिलेली चकती असते, किरण पडला की ती किती तापते त्यावरून मिलिवॅट निघतात.

डोळ्याने हे माप का होत नाही? कारण डोळा पक्षपाती आहे. हिरव्या-पिवळ्या रंगाला तो फार लवकर भुलतो. तेवढ्याच मिलिवॅटचा हिरवा ठिपका लालपेक्षा सुमारे आठपट झगझगीत दिसतो. तेव्हा 'बघा साहेब, किती लांब जातो' असे म्हणून दुकानदाराने हिरवा किरण समोरच्या टेकडीवर टाकून दाखवला, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. बन्सेनचा तेलाचा डागही इथे उपयोगाचा नाही. तो रंगांच्या फरकापुढे गोंधळतो, आणि न पसरणाऱ्या किरणाला अंतराचा हिशेब लागू पडत नाही.

त्यातून हिरव्या लेझरच्या पोटात आणखी एक भानगड असते. पुष्कळ स्वस्त नळ्यांत हिरवा किरण सरळ निघत नाही. आधी डोळ्याला न दिसणारा अवरक्त किरण तयार होतो, मग स्फटिकांतून जाऊन त्यातल्या काही भागाचा हिरवा होतो. हा न दिसणारा किरण अडवायला काचेची गाळणी हवी. पैसे वाचवायला ती गाळली, की तो तसाच बाहेर येतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मापन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१० साली अशाच एका नळीचा अहवाल दिला. पंधरा डॉलरला घेतलेली, दहा मिलिवॅट म्हणून विकलेली. हिरवा ठिपका मंद. पण अदृश्य किरण जवळजवळ वीस मिलिवॅटचा. मंद दिसतो म्हणून माणूस निर्धास्त राहणार, आणि डोळे दिपत नाहीत म्हणून पापणीही मिटणार नाही.

त्याच संस्थेने २०१३ साली १२२ नळ्या मोजून प्रसिद्ध केलेले निकाल पाहा. तिथली कायद्याची मर्यादा पाच मिलिवॅट. लाल नळ्यांपैकी ४४ टक्के आणि हिरव्यांपैकी सुमारे ९० टक्के नियमाबाहेर निघाल्या.

इथे आपल्या जुन्या शहाणपणाचा पाय घसरतो. जोंधळा घेताना, ऊस घालताना, कापूस तोलताना आपली सारी सावधगिरी एकाच गोष्टीची असते, माप कमी भरू नये. शीग जास्त चढली तर कोण तक्रार करील? 'घे, वर मूठभर घाल' म्हणणारा वाणी आपल्याला भला वाटतो. लेझरच्या बाबतीत ही वरची मूठच घात करते. पन्नास लिहून पाच भरले तर पैसे गेले. पाच लिहून पन्नास भरले तर पोराचा डोळा गेला. असल्या मालात मापाचे दोन्ही काठ पाहावे लागतात, आणि वरचा काठ अधिक.

महाराष्ट्राला याचा अनुभव मोठ्या लेझरांनी दिला. २०२३ च्या गणेशोत्सवानंतर पुणे आणि नाशिक इथून मिरवणुकीतल्या लेझर झोतांमुळे तरुणांच्या दृष्टिपटलाला इजा झाल्याच्या बातम्या आल्या. २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी अशा झोतांवर बंदीचा आदेश काढला. ते झोत हातातल्या नळीहून फार मोठे, हे खरे. पण नळी डोळ्याच्या हातभर अंतरावर धरणारे पोर मिरवणुकीत नसते, ते वर्गात आणि अंगणात असते.

तर मग घेताना काय पाहावे? आंतरराष्ट्रीय वर्गवारीत दिसणाऱ्या किरणाचा एक मिलिवॅटपर्यंतचा लेझर दुसऱ्या वर्गात येतो. चुकून डोळ्यावर आला तर पाव सेकंदात पापणी मिटते आणि निभावते, या हिशेबाने ती मर्यादा ठेवलेली आहे. फळ्यावर दाखवायला एवढा पुरतो. नळीवर वर्ग, किरणाची तरंगलांबी आणि जास्तीत जास्त शक्ती हे तिन्ही लिहिलेले असावे. बंद डबीवर बनवणाऱ्याचे किंवा आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता आणि किंमत छापणे २०११ च्या नियमांनी बंधनकारक आहे. ते नसेल तर आतल्या मिलिवॅटच्या आकड्याचा जामीन कोण? विकणारा 'मोजून दिलाय' म्हणाला तर कशाने मोजला, मापक कधी ताडून घेतला होता, हे विचारावे. किरण चालू करताच मोजला की नळी तापल्यावर, हेही विचारावे, कारण तापता तापता आकडा वरखाली होतो. एवढे विचारल्यावर चांगला विकणारा उत्तर देतो, दुसरा चिडतो. चिडला की डबी परत ठेवावी.

विज्ञान शिकवणाऱ्या गुरुजींना आणखी एक ढोबळ तपासणी करता येईल. एकाच अखंड घटाची छोटी सौरपट्टी घ्या आणि तिच्या दोन तारा विजेच्या मल्टिमीटरला, प्रवाह मोजायच्या खुणेवर, जोडा. पट्टी भिंतीलगत किंचित खाली कलती बांधा, म्हणजे काचेवरून उलटलेला किरण जमिनीकडे जाईल. खोली अंधारी करा, मुले पाठीमागे उभी करा आणि नळी पट्टीपासून हातभर अंतरावर घट्ट बसवा. सिलिकॉनची पट्टी दर मिलिवॅटला साधारण तीन ते चार दशांश मिलिअँपिअर प्रवाह देते. म्हणजे खऱ्या पाच मिलिवॅटच्या नळीला काटा दीड-दोन मिलिअँपिअरवर थांबायला हवा. तो पंधरावर गेला तर नळीत पन्नासाच्या आसपास माल आहे, दिसणारा असो की न दिसणारा. हे काही प्रयोगशाळेचे माप नव्हे, थोडे इकडेतिकडे होणारच. पण दुपटी-तिपटीची चूक ते समजून देते आणि दसपटीची लपू देत नाही. अशी नळी सापडली तर तिच्यातला सेल काढून ठेवावा, डबी आणि पावती जपावी. तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंदवता येते, किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे.